पस्तीस मार्कांचा येशू

इतिहासाची बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्या पर्समध्ये काळाचा शिक्का असतो. माझी सगळी नोकरी आर्वीच्या कॉलेजात झाली, आणि शिक्का मारून घ्यायला येणाऱ्यांची तेवढ्या वर्षांत कधी कमतरता पडली नाही. तळेगावचे एक गृहस्थ तांब्याचा हंडा पोत्यात गुंडाळून घेऊन आले होते. हंडा पांडवांच्या काळचा होता, मी फक्त तसं लिहून द्यायचं होतं. हंडा उलटा केला तर बुडाला कारखान्याचा छाप. ‘‘छाप मंग मारला असन मॅडम,’’ ते शांतपणे म्हणाले. देवळीच्या एका घराण्याला पूर्वज सरदारच हवा होता, साधा पाटील चालणार नव्हता. स्टाफरूममध्ये आम्ही असल्या गोष्टींवर आठवडा आठवडा हसायचो.

या गमती मी कोणालाही सांगते. साळवेंची गोष्ट मात्र आजवर सांगितली नाही, कारण ती सांगताना हसू येत नाही. संपादकांनी नोकरीतलं काही लिहा म्हटलं तेव्हा हंडा आणि सरदार लिहून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. लिहायला बसले आणि साळवेच समोर येऊन बसले.

आधी आमचा धंदा काय तो सांगते. शेवटच्या वर्षाला इतिहासाच्या पद्धतीचा एक पेपर असे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत, म्हणून मुलांना तो अळणी लागायचा. शिकायचं एवढंच की अमुक घडलं हे तुम्हाला कशावरून कळलं? सांगणारा तिथे होता का? नसला तर त्याला कोणी सांगितलं? खोटं बोलून त्याचा काही फायदा होणार होता का? आणि जे सांगण्यात त्याची अडचणच होते ते तो सांगत असेल, तर ते जरा जास्त मनावर घ्यायचं. बाकी सगळा पेपर म्हणजे याचाच विस्तार.

हे शिकवायला एक उदाहरण लागतं. नाव सगळ्यांना माहीत, पण खात्रीने फार थोडं सांगता येतं असा माणूस. आपल्याकडचा एखादा संत घेतला असता तर दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गावातली चार मंडळी येऊन बसली असती. राजा घेतला असता तर खिडकीच्या काचा गेल्या असत्या. म्हणून मी येशू निवडला. तो खरंच होऊन गेला का, यावर जगभरचे अभ्यासक कित्येक पिढ्या वाद घालत आले आहेत, त्यामुळे मालमसाला भरपूर. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या वर्गात कोणी ख्रिस्ती नव्हतं. दुसऱ्याचा देव चिरफाडीला सोयीचा पडतो.

मी फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे शंका. येशूने स्वतः लिहिलेली एक ओळ नाही. त्याच्या हयातीतला त्याच्या नावाचा शिलालेख नाही, नाणं नाही, कोणा अधिकाऱ्याची नोंद नाही. शुभवर्तमानं, म्हणजे त्याची चरित्रं, लिहिली गेली ती काही दशकांनंतर, आणि लिहिणारे त्याला मानणारेच. त्याच शतकातल्या एका ज्यू इतिहासकाराने त्याचा उल्लेख केला आहे, पण त्या मजकुरात मागाहून कोणा भाविकाने हात मारलेला दिसतो. म्हणून काही थोडे अभ्यासक म्हणतात की असा माणूस झालाच नाही. आधी देव होता, त्याला आईबाप आणि गाव मागाहून मिळालं.

मग उजवी बाजू. पौल नावाच्या प्रचारकाची पत्रं येशूनंतर वीसेक वर्षांतली आहेत, आणि भांडणाच्या भरात तो सहज लिहून जातो की मी येशूच्या भावाला भेटलो. नसलेल्या माणसाला भाऊ कुठून येणार? त्या ज्यू इतिहासकारानेही दुसऱ्या ठिकाणी या भावाच्या मृत्यूची हकिकत येता जाता सांगितली आहे. ख्रिस्ती लोकांचा तिटकारा असलेला एक रोमन इतिहासकार लिहितो, यांच्या मूळपुरुषाला आमच्या सुभेदाराने देहदंड दिला. आणि सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे क्रूस. रोमन लोक क्रुसावर गुलामांना आणि बंडखोरांना टांगत. रचूनच सांगायचं असतं तर आपल्या तारणहाराला असलं लाजिरवाणं मरण कोणी दिलं असतं? म्हणून बहुतेक सगळे अभ्यासक, त्यात देव न मानणारेही आले, म्हणतात की गालील प्रांतात असा एक माणूस झाला, त्याने उपदेश केला आणि त्याला क्रुसावर मारलं. त्याच्या पुढे प्रत्येकाची वाट वेगळी.

हा तास माझा सगळ्यात रंगायचा. नंतर गृहपाठ असे: आपला पणजोबा होऊन गेला हे सिद्ध करा, सातबारा वापरायचा नाही. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आमच्या घरी अक्षय तृतीयेला त्याच्या नावाची घागर भरतात. तो नसता तर आम्ही इतकी वर्षं कोणाला पाणी पाजलं?’ मी तिला समजावलं की घागरीवरून घरच्यांची आठवण सिद्ध होते, माणूस नाही. तिला ते पटलं नाही, पण मार्क चांगले दिले.

त्याच वर्गात सुबोध साळवे होता. फारसा न बोलणारा, वही नीट ठेवणारा. येशूचा तास झाला त्या दिवशी तो माझ्यामागून व्हरांड्यात आला.

‘‘मॅडम, मंग नक्की होता का?’’

‘‘इतिहासात नक्की नसतं रे. बहुधा असतं.’’

‘‘बहुधावर कोणी प्रार्थना करते का, मॅडम?’’

मला वाटलं, पोरगा हुशार आहे. तसं म्हणालेही आणि पुढच्या तासाला गेले.

त्या डिसेंबरात एसटीच्या खाकी कपड्यातले एक गृहस्थ घरी आले. हातात रुमालाने झाकलेलं ताट. ‘‘नाताळचा फराळ हाये, मॅडम. मी सुबोधचा बाप.’’ ताटात करंज्या, चकल्या, अनारसे. दिवाळीत आपल्याकडे असतं तेच सगळं. मी ताट हातात घेऊन तशीच उभी. आडनावावरून माणूस ओळखायची आपल्या लोकांना खोड असते. साळवे म्हटल्यावर मीही माझ्यापुरतं काहीतरी ठरवून टाकलं होतं, आणि माझ्या वर्गात ख्रिस्ती कोणी नाही हे कशावरून, असं मला कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे काडीचा पुरावा नव्हता.

शांतवन साळवे आर्वी डेपोत कंडक्टर होते. सरकारी दवाखान्यामागे प्रार्थनाघराची एक बुटकी कौलारू इमारत आहे. तिथे महिन्यातून एकदा वर्ध्याहून पाळक, म्हणजे धर्मगुरू, येत, बाकीच्या रविवारी उपासना साळवे चालवत. येणारी मंडळी मूठभर, बहुतेक म्हातारी. ‘‘सहा दिवस तिकिटं फाडतो, सातव्या दिवशी सगळ्याइले फुकट सोडतो,’’ असं ते स्वतःच सांगायचे आणि खो खो हसायचे. मी संकोचत फळ्यावरच्या रेघेचं सांगितलं, तर म्हणाले, ‘‘शिकवा ना मॅडम, बिनधास शिकवा. त्याचे तेवढे हाल झाले, तुमच्या फळ्यावर अजून थोडेसे.’’

हा माणूस मला फार आवडला. दर नाताळला ताट येत राहिलं आणि दिवाळीला माझं त्यांच्याकडे जात राहिलं. ते निवृत्त झाले, त्यांची पत्नी गेली, सुबोध पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागला. मग मीही निवृत्त झाले.

अलीकडच्या एका नाताळात ताट आलं नाही. नवं वर्ष लागल्यावर साळवे रिकाम्या हातांनी आले आणि पंखा चालू नसताना पंख्याकडे बघत बसले.

‘‘काय झालं, साळवेभाऊ?’’

‘‘सुबोध आलता. जेवाले बसलो सारे, मंडळीतले दोघं-चौघंही होते. म्या म्हटलं, प्रार्थना कर बाबू. तर म्हणते, नसलेल्या माणसाले काय हाक मारू? येशू कधी झालाच नाई म्हणते. मोबाइलवर मोठमोठे लोकं सांगून राह्यले म्हणते.’’

‘‘मग?’’

‘‘म्या इचारलं, तुह्या डोक्यात हे घातलं कोणं? तर म्हणते, सवाल मॅडमनं घातला, जवाब म्या शोधला.’’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ‘‘त्या म्हाताऱ्या लोकाइसमोर बोलला हो तो. घास हातातच राह्यला त्याइचा. आता तुमीच त्याले सांगा. तुमचं ऐकन तो.’’

मी चुकले असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. प्रश्न शिकवणं हेच माझं काम होतं. पण सुबोधचं उत्तर कच्चं होतं, आणि कच्चं उत्तर बघितलं की माझा हात लाल पेनकडे जातो. मी म्हटलं, आणा त्याला.

सुबोध पुढच्या सुट्टीत आला. एका दुपारी दोघे माझ्या बैठकीत बसले, बाप खुर्चीवर आणि मुलगा दिवाणावर. सुबोधने तयारी केली होती. येशूच्या काळचा एकही पुरावा नाही, म्हणाला. मी म्हटलं, त्या काळच्या गालीलातल्या कोणत्या सुताराचा आहे?

इथे साळवे मध्येच बोलले. ‘‘तिकीट नसलं म्हणजे माणूस बसमदी नव्हता, असं थोडीच रायते? म्या किती पकडले बिनतिकिटाचे.’’

आम्ही तिघेही हसलो. त्या दुपारचं ते शेवटचं हसू.

मग मी सुरू झाले. ज्यू इतिहासकाराच्या मजकुरात भर घातली आहे म्हणून सगळा मजकूर फेकायचा का? भावाचं काय? पौलाला त्या भावाशी पटत नव्हतं, मग तो त्याला फुकटचा मान का देईल? इतर दंतकथांतले मरून उठणारे देव आणि एका विशिष्ट सुभेदाराच्या कारकिर्दीत मारलेला एक विशिष्ट माणूस यांत फरक नाही का? सुबोध एकेक मुद्दा सोडत गेला. तो मुळात प्रामाणिक मुलगा. शेवटी दोन्ही हात वर करून म्हणाला, ‘‘ठीक आहे मॅडम. झालाच नाही, हे मी मागे घेतो. असा माणूस होऊन गेला असेल. बहुधा.’’

निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशाने झाला नव्हता. जुना विद्यार्थी इतक्या वर्षांनी हातात सापडला आणि सरळ झाला. मी साळवेंकडे वळले. त्यांच्या मुलाला मी परत आणून दिलं होतं, निदान उंबरठ्यापर्यंत तरी.

साळवे सतरंजीकडे बघत होते. ‘‘अन् तिसऱ्या दिवशी?’’ त्यांनी विचारलं.

क्रुसावरच्या मरणानंतर तिसऱ्या दिवशी येशू उठला, यावर त्यांचा सगळा धर्म उभा. ते काय विचारतायत ते मला कळलं. खोटं बोलता आलं असतं, पण इतिहासाच्या बाबतीत मी कधी खोटं बोलले नाही.

‘‘ते माझ्या विषयात येत नाही, साळवेभाऊ. तो उठला असं त्याच्या माणसांना अगदी मनापासून वाटलं, इथपर्यंत मी येऊ शकते. पुढे नाही.’’

साळवे उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, ‘‘तुमी येशूले पास केलं, मॅडम. पस्तीस मार्कावर केलं, पण केलं.’’

मला वाटलं, नेहमीची थट्टा. तशी ती होतीही, फक्त हसू नव्हतं.

महिनाभराने प्रार्थनाघरातल्या रूथबाई बाजारात भेटल्या. या बाई आयुष्यभर दवाखान्यात आया होत्या आणि साळवेंच्या बायकोच्या मैत्रीण. भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी मला धरलंच. ‘‘मॅडम, शांतवनभाऊले काय झालं हो? मागल्या रविवारी पुस्तक उघडलं, वाचलं, अन् मधातच थांबले. होता तो, एवढं खरं हाये, असं म्हणाले अन् खाली बसले. आमी म्हटलं, तब्बेत बिघडली. या रविवारी तं आलेच नाईत. आमी कुलूप पाहून वापस.’’

मी तशीच त्यांच्या घरी गेले. साळवे अंगणात बसून तूर निवडत होते. मला बघून खुर्ची आणली, पाणी दिलं. मी विचारलं तेव्हा सुपातून हात न काढता बोलले.

‘‘काऊन जात नाई, सांगू? आधी म्या डोये मिटले का तो राहे. बस्स. आहे का नाई, हा सवालच नोयता. तुमी घरात बसल्या असल्या तर मी कोणाले इचारतो का, मॅडम हायेत का म्हनून? बोलतोच ना. आता डोये मिटले का तुमी दोघं दिसता. वाद करून राह्यले. अन् तो मधात उभा हाये, निकालाची वाट पाहून राह्यला.’’

‘‘पण मी तर तुमच्याच बाजूने बोलले.’’

‘‘तेच तर झालं, मॅडम. सुबोध नाई म्हणे तवा मले काई झालं नोयतं. पोरगा हाये, बिघडला, येईन वापस, असं वाटे. तुमी हो म्हटलं, अन् किती हो म्हटलं ते म्या पाह्यलं. एक माणूस होता, चांगलं बोले, मारून टाकला. एवढंच. एवढे तर लई झाले.’’

मी वाद घातला नाही. मुद्दा मांडायची मला पहिल्यांदाच भीती वाटली. मी खूप चांगलं शिकवत असे, हे मला ठाऊक आहे. त्या अंगणात ते मला नकोसं झालं. मी त्यांच्याबरोबर थोडी तूर निवडली आणि घरी येऊन रडले.

प्रार्थनाघर मग फक्त पाळक येत त्या रविवारी उघडू लागलं. मधल्या रविवारी ती म्हातारी मंडळी साळवेंच्या फाटकापाशी येऊन उभी राहत. साळवे त्यांना आत घेत, चहा देत, तब्येती विचारत. चहा झाला की सगळे एकमेकांकडे बघत आणि आपापल्या घरी जात. एक आजोबा त्या उन्हाळ्यात गेले. माती द्यायला पाळक वर्ध्याहून यायचे होते, त्यांना उशीर झाला. पेटीपाशी दोन शब्द बोला म्हणून सगळ्यांनी साळवेंना विनवलं. साळवे पुढे झाले, पेटीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. शेवटी रूथबाईंनी एक गीत धरलं आणि ते पाळक येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

हे सुबोधला कळलं ते रूथबाईंच्या फोनवरून. त्याने कंपनीत खटपट करून घरून काम करायची परवानगी काढली आणि आर्वीला येऊन राहिला. आल्या आल्या मला भेटला. वाळला होता.

‘‘मी बाबाला म्हटलं, मला पटलं आता, माझा विश्वास बसला,’’ तो म्हणाला. ‘‘तर मला म्हणाला, खोटं नको बोलू, तुले बोलता येत नाही. मॅडम, त्या दिवशी मी हरलो असं तुम्हाला वाटलं. मला तसं काही झालं नाही. एक मत बदललं, बस. हरला फक्त बाबा.’’

‘‘मग आता?’’

‘‘रविवारची उपासना मी घेतो म्हणालोय. लहानपणापासून सगळं पाठ आहे. त्या म्हाताऱ्यांनी माझं काय वाकडं केलं?’’

‘‘पण तू मानत नाहीस.’’

‘‘त्यांना ते सांगायची काय गरज आहे?’’

पुराव्याच्या शास्त्रात यासाठी काही सोय नाही.

तेव्हापासून सुबोध दर रविवारी प्रार्थनाघर उघडतो. झाडून घेतो, बाकं लावतो, पुस्तकं वाटतो. मंडळी परत यायला लागली. रूथबाई सांगतात, पोट्टं बापापेक्षा गोड वाचते. साळवेही येतात. एसटीत पास दाखवून बसतात तसे शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसतात. कोणी पुढे बोलावलं तर हातानेच नको म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सुबोधने मलाही बोलावलं. मी साळवेंच्या शेजारी जाऊन बसले. कौलांतून एका कोपऱ्यात पाणी गळत होतं, खाली कोणी घमेलं ठेवलं होतं. सुबोधने वाचन केलं ते नेमकं तिसऱ्या दिवसाचं. बायका पहाटे कबरीपाशी जातात आणि धोंड बाजूला सरलेली दिसते, तो भाग. कुठे अडखळला नाही, कुठे आवाज चढवला नाही. पुढच्या बाकावर रूथबाई पदराने डोळे पुसत होत्या. मग त्याने डोळे मिटले, हात जोडले आणि प्रार्थना सुरू केली. आजाऱ्यांची नावं घेतली, गेलेल्या आजोबांचं नाव घेतलं, पावसासाठी आभार मानले. इतकी सुंदर मराठी मी माझ्या वर्गात कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, काहीतरी जुळून येतंय. मी साळवेंकडे पाहिलं.

ते डोळे उघडे ठेवून मुलाकडे बघत होते.

‘‘आवाज चांगला हाये पोराचा,’’ ते माझ्या कानाशी म्हणाले. ‘‘पण मॅडम, तो बोलून राह्यला कोणाशी?’’

प्रार्थना संपली. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. मीही म्हटलं. साळवे तेवढे गप्प होते.